पुढचं तळं याहून छान आहे

अख्खी नोकरी मी बस चालवली. स्टॉप नसेल तिथे ब्रेकवर पाय जायचा नाही, प्रवाशानं कितीही गळा काढला तरी. ही सवय हाडीमाशी खिळलेली. निवृत्त होऊन छोटी गाडी घेतली, तेव्हा बायकोनं एकच मागितलं. डोंगरातल्या तळ्यांच्या रस्त्यानं जायचं आणि एखाद्या काठावर बसून दोघांनी निवांत चहा प्यायचा.

सकाळी ती पिवळी शाल पांघरून, थर्मास आणि दोन कप मांडीवर घेऊन शेजारी बसली. पट्टा लावता लावता म्हणाली, आज प्रवासी मी एकटीच आहे, उगाच 'पुढे सरका' म्हणू नका.

पहिलं तळं हिरवंगार होतं, पलीकडे बर्फाचे डोंगर.

"अहो, थांबा ना इथे."

"पुढचं तळं याहून छान आहे," मी म्हणालो. गाडीला मस्त लय सापडली होती, ती मोडवेना. आरशात पाहिलं, तर काठावरून एक म्हातारा जिवाच्या आकांतानं हात करत होता. स्टॉप नसताना हात करणारे मी जन्मभर पाहिलेत. निघालो पुढे.

दुसऱ्या तळ्याभोवती दाट झाडी होती. तिनं तेच मागितलं, मी तेच सांगितलं. आरशात या वेळी पाठमोरी बाई दिसली, पिवळ्या शालीतली. मी गंमत म्हणून हिला सांगितलं. ही हसली नाही.

"ती तरी उतरली," म्हणाली.

तिसऱ्या तळ्याला तिनं विचारलंसुद्धा नाही. मला तेव्हा हायसं वाटलं. आज त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटते.

मग झाडी संपून नुसता खडक लागला. शेवटचं तळं म्हणजे दगडांतलं करडं डबकं. रस्ताच संपला, म्हणून थांबलो.

"चल, उतर आता," म्हणत वळलो.

शेजारी कुणी नव्हतं. पट्टा लावलेलाच होता.

गाडी वाटेत कुठेच थांबली नव्हती. मी तसाच मागे फिरलो. तिसऱ्या तळ्याचा काठ मोकळा होता. दुसऱ्याच्या काठावर ती बसली होती, पाठमोरी. ठेचकाळत खाली गेलो.

"चुकलं गं माझं. चल, इथेच पिऊ चहा."

तिनं मान वळवली नाही.

"पुढचं तळं याहून छान आहे," ती म्हणाली.

खांद्यावर हात ठेवायला गेलो, तर हाताला ओलं गवत लागलं.

पहिल्या तळ्याशी पोचलो. गाडी कडेला लावून धावत उतरलो. काठावर थर्मास होता, दोन कप होते. तिचा रिकामा. माझ्या कपातला चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

वर गाडीचा आवाज आला. माझ्या उभ्या गाडीशेजारून तशीच छोटी गाडी चालली होती. तोच नंबर. खिडकीत पिवळी शाल.

मी जिवाच्या आकांतानं हात केला.

चालवणाऱ्यानं आरशात माझ्याकडे पाहिलं. थांबला नाही. तिथे स्टॉप नव्हता.