समजूतपेशी

समजूतपेशी टोचून घेतलेली माणसं आता वेंगुर्ल्याच्या बाजारात कुणाच्या लक्षातही येत नसत. वाकडी झालेली बोटं सरळ झाली, की ती पूर्वीसारखी मासे निवडत, बटणं लावत आणि आपल्याला कधीकाळी आमवात होता हे विसरून जात.

जयवंती धुरी मात्र विसरली नव्हती. ती जन्मापासून बहिरी. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. ती हातांनी बोलायची, आणि तिच्या खुणा कुठल्याही मूकबधिर शाळेतल्या नव्हत्या. तिने, नवऱ्याने आणि केतकीने, म्हणजे तिच्या मुलीने, घरातल्या घरात त्या घडवल्या होत्या. नवरा वारल्यावर ती भाषा जाणणारी जगात दोनच माणसं उरली.

मग जयवंतीची पेरं सुजली. बघता बघता दोन्ही हातांच्या मुठी झाल्या आणि घरातलं बोलणंच बंद पडलं. तशी तीन वर्षं गेली. समजूतपेशींनी बोटं सुटली, त्या दिवशी ती इतकं बोलली की शेगडीवरची पेज करपून गेली.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. हल्ली तिला खोकला येत होता. डॉक्टर नौशाद मुकादमांनी तपासण्या केल्या आणि मायलेकींना समोर बसवलं.

"आईच्या फुफ्फुसात गाठ आहे," ते केतकीला म्हणाले. "आणि ती वाढतेय ती आपल्याच उपचारामुळे."

"म्हणजे?"

"आमवातात सांध्यातल्या काही प्रथिनांचं रूप जरासं बदलतं. शरीरातल्या सैनिकपेशींना वाटतं, परकं कुणीतरी शिरलंय. त्या सांध्यावर तुटून पडतात. पूर्वी आम्ही औषधं देऊन सगळं सैन्यच गुंगवायचो, मग साध्या तापानेही माणूस दगावायचा. पुढे आम्ही रोग्याच्याच काही पेशी काढून त्यांना ते बदललेलं प्रथिन ओळखायला शिकवलं. त्याच या समजूतपेशी. ते प्रथिन दिसेल तिथे जाऊन त्या सैनिकांना आवरतात. सांगतात, हे आपलंच आहे, याला हात लावू नका."

"ते ठाऊक आहे मला."

"तेच प्रथिन या गाठीच्या अंगावर आहे. फार थोड्यांच्या बाबतीत असं होतं. सैनिकपेशी गाठीपर्यंत पोचल्यात, पण तिच्याभोवती नुसत्या बसून आहेत."

केतकी आईकडे बघायचं टाळत होती. "कापून काढता येणार नाही?"

"ती वेळ गेली. असंच सोडलं तर एखादं वर्ष. समजूतपेशी मारल्या तर सैनिक जागे होतील आणि गाठ विरेल, एवढी खात्री देतो. पण ते हातांवरही परततील, पहिल्यापेक्षा जोरात. आणि समजूतपेशी एकदा मारल्या की त्या शरीरात पुन्हा रुजत नाहीत." त्यांनी जयवंतीकडे पाहिलं. "निर्णय आईंनी घ्यायचा. त्यांना विचारा."

भिंतीवरचं दुभाषी यंत्र सुरू होतं. जयवंतीने हात हलवताच त्यावर अक्षरं उमटली: भाषा ओळखता आली नाही. कायद्याने अशा वेळी घरच्या माणसाचं भाषांतर ग्राह्य धरलं जाई.

केतकीने आईला सगळं सांगितलं. एक शब्दही गाळला नाही. जयवंती शांतपणे बघत राहिली. मग तिचे हात उठले.

"किती दिवस?"

"एखादं वर्ष."

"वर्षभर बोलेन मी तुझ्याशी." ती हसली. "त्या तीन वर्षांत मी मेलेच होते. तू भरवत होतीस, मी गिळत होते. तसं पुन्हा नको. सांग त्यांना."

"आई..."

"सांग."

डॉक्टर वाट बघत होते. केतकी त्यांच्याकडे वळली. "ती हो म्हणते," ती म्हणाली. "उपचार करा."

मग तिने आईकडे वळून खूण केली: "सांगितलं. ते फक्त खोकल्याचं औषध देणार आहेत."

औषध शिरेतून गेलं. जयवंतीने विश्वासाने हात पुढे केला होता.

पुढच्या आठवड्यात तिची पेरं लाल झाली. ती पेरांकडे बघत राहिली, मग केतकीकडे. तिने काहीतरी विचारायला हात उचलला, पण तो अर्ध्यावरच राहिला. विचारायची गरजही नव्हती. मुलीचा चेहरा तिला वाचता येत होता.

पावसाळा सरेपर्यंत गाठ विरली. डॉक्टर मुकादम फुफ्फुसाची चित्रं घेऊन दवाखान्यातल्या खोलीत आले तेव्हा त्यांना आनंद लपवता येत नव्हता. "फुफ्फुस स्वच्छ आहे. अजून पंधरा-वीस वर्षं आरामात काढतील. सांगा त्यांना."

केतकी खाटेपाशी बसली. आईच्या मुठी छातीवर होत्या, आवळलेल्या. केतकीने हात उचलले. गाठ गेली. मी खोटं बोलले. तू नसतीस तर मी कुणाशी बोलले असते?

शेवटची खूण पुरी व्हायच्या आत जयवंतीने डोळे मिटून घेतले. केतकीने तिच्या खांद्याला हात लावला, हलवलं. पापण्या आणखी घट्ट झाल्या. मिटल्या डोळ्यांपलीकडे खुणा पोचवायची कुठलीच वाट नव्हती.

"काय म्हणतायत आई?" डॉक्टरांनी विचारलं.

केतकीचे हात अजून हवेतच होते. तिने ते खाली घेतले.

"बरं वाटतंय म्हणते," ती म्हणाली.