उजवा खांदा

त्या शनिवारी मारेन टोलेफसनला काळजी होती ती फक्त नव्या जागेची. नॉर्थ डाकोटाच्या नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याच्या अर्धवेळ फौजेत, वर्षानुवर्षं घासल्यावर ती एकदाची आपल्या तुकडीची प्रमुख झाली होती, आणि प्रमुखाची जागा रांगेच्या उजव्या टोकाला. ‘दाहिने सज’चा हुकूम झाला की बाकीचे डावा हात लांब करून डावीकडच्या शेजाऱ्याच्या उजव्या खांद्याला बोटं टेकवतात, मान उजवीकडे वळवतात. टोकाच्याने मात्र समोर बघायचं. त्याच्या उजव्या खांद्याला कुणाचा हात लागत नाही.

मारेनला ते फार बरं वाटलं होतं.

वसंतातल्या पुरात गार्डने नदीकाठी वाळूची पोती रचली, तेव्हा लाईल ब्रॅटव्होल्ड मदतीला आला होता. नाव विचारायची त्याला गरजच पडली नाही. ते तिच्या गणवेशावर छातीशीच शिवलेलं. मग तो पेट्रोल पंपावर दिसायला लागला, चर्चबाहेर, छावणीच्या कुंपणाशी. अंगाला कायम ओल्या गोणपाटाचा वास. बोलायचा नाही. नुसता मागून चालायचा, तिच्या पावलाला पाऊल जुळवून. कवायतीची सवय मेली इतकी मुरलेली, की तिचेही पाय आपोआप त्याच्याशी जुळायचे. तिला स्वतःचीच किळस यायची.

शेवटी ती गार्ड सोडायला निघाली. कॅप्टन हाउगेनबाई भडकल्या. “तू का सोडायचं गं? गार्डच्या माणसाचा पिच्छा पुरवणाऱ्यासाठी कायदा आहे. अर्ज मी करते, बघूच!”

न्यायाधीशांनी ब्रॅटव्होल्डला तिच्या आणि छावणीच्या आसपास फिरकायला बंदी केली. तो तरीही आला. मग शेरीफच्या माणसांनी त्याला उचलून तुरुंगात टाकलं.

आणि त्या शनिवारी कवायतीच्या हॉलमध्ये पाय ठेवताच तोच वास. पूर ओसरून किती महिने झाले, आत एक पोतं नव्हतं. तिने तुरुंगावरच्या फाइस्टला फोन लावला.

“अगं, आत आहे तो! आत्ताच अंडी देऊन आलो. मीठ कमी म्हणून कुरकुरत होता.”

“नक्की?”

“किल्ली माझ्या खिशात आहे, मारेन.”

तिला जरा हसू आलं. सार्जंट न्यूगार्डने तेवढ्यात टोमणा मारलाच, “टोलेफसन, टोकाला उभं राहायचंय, पडायचं नाहीये!” सगळे खिदळले. ती आपल्या जागेकडे निघाली. सिमेंटवर तिच्या बुटांचा आवाज दुहेरी येत होता. रिकामा हॉल, आवाज घुमणारच, असं तिने स्वतःला समजावलं.

“दाहिने सज!”

हात वर झाले. माना वळल्या. मारेन समोर बघत राहिली.

तिच्या उजव्या खांद्याला बोटं टेकली.

नुसती टोकं. दाब नाही. शिकवतात अगदी तशी.

वास आता कानाशी होता. हलायचं नसतं, म्हणून ती हलली नाही. अख्खी रांग उजवीकडे बघत होती.

न्यूगार्ड एक डोळा मिटून रांग तपासत आला. तिच्यासमोर थांबला. रागावला नव्हता, नेहमीसारखाच कंटाळलेला होता.

“टोलेफसन, मान उजवीकडे. समोर फक्त टोकाचा बघतो.”