थिंबल कुटुंबाला चार गुण

जिन्यात टॅमसिनची धडक झाली ती एका छत्रीशी. पिवळ्याधमक, निथळणाऱ्या छत्रीशी. छत्री मिटली आणि मागून एक मुलगी बाहेर आली... भिजूनही केस जागच्या जागी असलेली.

"सॉरी हं! लागलं का? मी सास्किया. रोड्री कुठे बसतो?"

"वर. खिडकीशी," टॅमसिन म्हणाली, आणि म्हणताक्षणीच तिला वाटलं, उगाच सांगितलं!

आता रोड्री खिडकीशी बसतो हे काही गुपित नव्हतं. बाथ शहरातल्या त्या छोट्याशा मासिकाच्या कचेरीत माणसंच मुळी सहा. हातात धरून खेळायच्या गेमची परीक्षणं लिहायची, एवढंच त्यांचं काम. दोन वर्षं टॅमसिन रोड्रीच्या समोर बसत होती. दुपारी तो पेस्टी, म्हणजे मटण-बटाट्याची मोठी करंजी, आणायचा आणि अर्धी न विचारता तिच्या टेबलावर ठेवायचा. जाड भुवयांचा, हळू बोलणारा वेल्श मुलगा. तो आपल्याला आवडतो हे टॅमसिनला केव्हाच कळलं होतं. ते त्याला कसं कळवायचं, एवढंच दोन वर्षांत जमलं नव्हतं.

त्या महिन्यात सगळ्या इंग्लंडातल्या पोरांना एकच वेड लागलं होतं, थिंबल कुटुंबाचं. किटलीत राहणारे सात उंदीर, त्यांचा कार्टून सिनेमा, आणि आता त्यावरचा गेम. नाव एक, पण गेम दोन! डब्यासारख्या उघडणाऱ्या दोन पडद्यांच्या कन्सोलवर एक, आणि रुंद, चकचकीत पडद्याच्या कन्सोलवर दुसरा. बनवणारे वेगळे, त्यामुळे आतला खेळही वेगळा. नाताळात पोरांना यातला कुठला घ्यायचा, हे आईबापांना सांगायची जबाबदारी मासिकाची. दोन पडद्यांचा टॅमसिनकडे आला, रुंद पडद्याचा रोड्रीकडे. तीन दिवसांनी दोघांनी अदलाबदल करायची, आणि मग प्रत्येकाने दोन्ही खेळांना दहापैकी गुण द्यायचे.

पण रुंद पडद्याचा गेम अजून पुरता तयार नव्हता. असली कच्ची प्रत गेमवाले कुणाच्या हवाली करत नाहीत, त्यांचं माणूस सोबत बसतं. ते माणूस म्हणजे सास्किया. ती दोन कन्सोल घेऊन लंडनहून आली होती आणि तीन दिवस रोड्रीच्या खुर्चीला खुर्ची लावून बसणार होती.

पहिल्याच दिवशी, सोमवारी, खिडकीकडून हसण्याचे आवाज येऊ लागले. टॅमसिनचा उंदीर इकडे भिंतीला नाक लावून जागच्या जागी धावत होता.

दुपारी रोड्री तिच्या टेबलाशी आला. "काय मॅडम, तुमचे उंदीर कुठवर पोचले?"

"भिंतीत अडकलेत. तुझे?"

"आमचे लग्नाला निघालेत!"

"आमचे?"

"म्हणजे... माझा आणि सास्कियाचा. दोघांनी मिळून चहाचा कप न्यायचा असतो गं. एकाने घाई केली की सांडतो. भारी जमतं तिला!"

"जमणारच. तिचाच गेम आहे."

"तुला काय झालंय?"

"मला? मला काय व्हायचंय!"

त्या दिवशी अर्धी पेस्टी सास्कियापुढे गेली. टॅमसिनने ते पाहिलं आणि बिस्किटांचा अख्खा पुडा एकटीने संपवला. हेवा म्हणतात तो हाच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून तो कमी होत नव्हता, हीच तर चीड.

बुधवारी चहा करायला ती आतल्या खोलीत गेली, तर दाराआड सास्कियाचा आवाज. "आमच्याकडे जागा आहे, रोड्री. लंडनला ये ना. खरंच सांगते, इथे काय ठेवलंय?"

रोड्री काहीतरी पुटपुटला. किटलीच्या शिट्टीत ते बुडालं.

इथे काय ठेवलंय! म्हणजे सोमवारपासून समोरची खुर्ची रिकामी... आणि आपण काहीच बोललो नाही, असंच राहायचं?

त्याच दुपारी अदलाबदल झाली. सास्कियाने रुंद पडद्याचा कन्सोल तिच्या हातात दिला आणि शेजारी बसली. किती गोड वास येत होता तिच्या स्कार्फला! तासनतास खेळायचा गेम टॅमसिनने चाळीस मिनिटांत खाली ठेवला.

"डोकं दुखतंय," ती म्हणाली.

"कसा वाटला पण?"

"बरा."

मग चिठ्ठी घेतली, आणि रुंद पडद्याच्या थिंबल कुटुंबापुढे ठसठशीत आकडा लिहिला... चार. कचेरीचा नियम तिला पाठ होता. पाचाच्या खाली किंवा आठाच्या वर गुण दिले, तर गुरुवारच्या चहाला सगळ्यांसमोर खेळून ते सिद्ध करावे लागतात. पण रागात नियम कुणाला आठवतो?

गुरुवारी चार वाजता संपादक हिल्डाबाईंनी चष्मा नाकावर चढवला. बाई पन्नाशीच्या, आवाज शाळामास्तरणीचा.

"टॅमसिन. रुंद पडद्याला चार? दाखव बघू, कुठे फसलाय तो. रोड्री, तू जोडीला बस."

सास्कियाचा चेहरा उतरला. या गेमवर तिने वर्षभर मेहनत घेतली होती, हे तिच्या बोटांच्या चाळ्यांवरूनच दिसत होतं. रोड्री खुर्ची ओढून टॅमसिनशेजारी आला. त्याचं कोपर तिच्या कोपराला लागलं आणि तिचा कप पहिल्याच वळणावर सांडला.

"हळू," तो कुजबुजला. "माझ्याकडे बघ. मी थांबलो की थांब."

ती थांबली. तो चालला, ती चालली. उंदीर पायऱ्या उतरले, साखरेचा पूल ओलांडला. पुलाखालून म्हाताऱ्या थिंबलने टोपी उडवली आणि टॅमसिनला खुदकन हसू आलं. आवरेना! गेममध्ये खोट म्हणून सापडेना. शेवटच्या पायरीवर कप टेकला, एक थेंब न सांडता, आणि दोघं एकदमच "हां!" म्हणाले.

"सुंदर आहे की," हिल्डाबाई म्हणाल्या. "मग चार का?"

काहीही सांगता आलं असतं. पण सास्किया मान खाली घालून बसली होती, आणि या धंद्यात परीक्षकाकडे स्वतःचं असं एकच असतं, खरा आकडा. टॅमसिनचे कान तापले.

"गेम आठाचा आहे," ती म्हणाली. "चार मी... मी सास्कियाला दिले होते."



"का म्हणून?" हिल्डाबाईंनी चष्मा काढला.

"कारण ती तीन दिवस रोड्रीजवळ बसली. आणि मला ते बघवत नव्हतं."

बोलून झालं. आता जमीन दुभंगली असती तरी चाललं असतं. सास्कियाने आधी डोळे विस्फारले, मग तोंडावर हात धरून ती हसत सुटली. "चार? अगं, निदान सहा तरी द्यायचेस!"

रोड्री मात्र हसला नाही. त्याचे कान टॅमसिनपेक्षा लाल झाले होते.

"गंमत संपली असेल तर दुसरी चिठ्ठी," हिल्डाबाई कागद उलगडत म्हणाल्या आणि थबकल्या. "रोड्री! दोन पडद्यांच्या गेमला... नऊ? ज्यात उंदीर भिंतीत अडकतो, त्याला?"

"हो."

"खेळून दाखवतोस?"

"नको," रोड्री हळूच म्हणाला. "गेम पाचाचाच आहे. पण कुठलाही गेम खेळताना टॅमसिन काहीतरी गुणगुणत असते. दोन वर्षं ऐकतोय. मला... तो गेम आणि ते गुणगुणणं वेगळं करता आलं नाही."

हिल्डाबाईंनी दोन्ही चिठ्ठ्या टराटरा फाडल्या. "दोघंही बाद! एक रागाने आंधळी, दुसरा लोभाने. लेख मी लिहीन. तुम्ही दोघं आधी माझ्या नजरेसमोरून चालते व्हा!"

बाहेर पाऊस भुरभुरत होता. दोघं दगडी गल्लीतून चालू लागली, मध्ये हातभर अंतर ठेवून.

"लंडनला जाणार तू?" शेवटी तिनेच विचारलं.

"नाही. कालच सांगितलं तिला, तिथल्या तिथे."

"मला नाही सांगितलंस ते!"

"सांगणार कुणाला? तू माझ्याशी बोलत कुठे होतीस?" तो थांबला. "टॅमसिन... मला तू आवडतेस. हे फार आधी म्हणायला हवं होतं मी."

"मग म्हणायचं ना, गाढवा! माझे तीन दिवस वाचले असते."

त्याने हात पुढे केला. तिने तो धरला, घट्ट. वळणापर्यंत दोघं तशीच चालली. मग ती म्हणाली, "सास्किया दिसायला सुंदर आहे पण."

"आहे."

"लगेच हो म्हणायची काय गरज होती?"

"खरं ते सांगितलं. परीक्षक आहे मी."

टॅमसिनने नाक फुगवलं, तोंड फिरवलं. पुन्हा तोच हेवा, सोमवारचा. हात मात्र तिने सोडला नाही.