हात सोडायला सांगा

दिवा राहू दे चालू. पोरी, तू उद्यापासून ॲम्ब्युलन्सवर रुजू होणार, म्हणून सांगतो. बाकीच्यांनीही ऐका.

आमचे साडूभाऊ ॲम्ब्युलन्समध्ये पेशंटसोबत मागे बसायचे. आम्ही एकाच सासऱ्याचे जावई, एकमेकांशी खोटं बोलून कुठे जाणार? नोव्हेंबरची सोळा तारीख, सोमवार, रात्रीचे पावणेनऊ. नऊला सुट्टी. सकाळपासून अकरा कॉल झालेले, पायांचे तुकडे पडायचे बाकी. तेवढ्यात बारावा आला. तिसरा मजला, लिफ्ट बंद. पंचेचाळिशीचा माणूस स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेला. दोन दिवस पोटात अन्न नाही, डोळ्याला डोळा नाही, असं त्याच्या बहिणीने सांगितलं. माणूस अगदी गरीब गाय. तुम्हाला उगाच त्रास, म्हणाला.

नियम असा, की उचलण्याआधी कंबर, खिसे, बाह्या चाचपायच्या. साडूभाऊ तर नव्या पोरांना तेच शिकवायचे. पण त्या दिवशी अंगात त्राणच नव्हतं. थंडी वाजते म्हणाला, तर यांनी गळ्यापर्यंत ब्लँकेट घातलं आणि निघाले.

पुढे ड्रायव्हर, मागे हे दोघंच. साडूभाऊंचे डोळे मिटायला लागले. पूल ओलांडल्यावर पेशंट हळूच म्हणाला, "बाईंना हात सोडायला सांगा."

उपाशी माणूस, बरळत असेल. कोणत्या बाई, असं यांनी विचारलं.

"या काय. तुमच्या शेजारी बसल्यात."

शेजारची सीट रिकामी.

साडूभाऊंची झोप उडाली. पेशंटच्या कपाळावर घाम. ब्लँकेटखाली उजवा हात थरथरत होता... पण जागचा हलत नव्हता.

"दुखतंय हो. सांगा ना त्यांना. मी... मी काही नाही करणार."

साडूभाऊ पुढे वाकले.

ब्लँकेट उचललं.

भाजी चिरायची सुरी. मूठ आवळलेली. टोक यांच्या पोटाकडे. वीतभर अंतर. आणि मनगट गादीत रुतलेलं... वरून कुणी दाबून धरावं तसं.

यांनी काच ठोठावली. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली, मागे आला. दोघांनी सुरी काढून घेतली. ताकद लागलीच नाही, बोटं आपोआप उघडली. तो माणूस रडायला लागला. म्हणे, मला वाटलं, तुम्ही मला मारायलाच नेताय.

त्याला हॉस्पिटलात सोपवलं, सुरी पोलिसांकडे दिली. पुढे तो बराही झाला. साडूभाऊंनी घरात अवाक्षर काढलं नाही. मला सांगितलं, तेही वर्षभराने. त्या गाडीवर आधी कुणी बाई कामाला होती का, याची मी नंतर चौकशी केली. नव्हती. गाडी नवीकोरी, सहा महिन्यांची.

त्या रात्री सगळं आटोपल्यावर गाडी पुसायला साडूभाऊ एकटेच मागे चढले. त्या रिकाम्या सीटचा पट्टा लावलेला होता. खटका नीट बसवलेला. आणि पट्टा ओढून इतका आवळलेला...

की आत एखादी अगदी बारीक बाईच मावली असती.