दाराकडचा पलंग

भिंतीकडे कोण, मधे कोण, कोण लाथा मारतो, कोण घोरतो... मघापासून ऐकतोय तुमचं. चालू द्या. मी फक्त आमच्या मास्तरचं काय झालं ते सांगतो. ऐकून झालं की ज्याला जिथे झोपायचं तिथे झोपा, मी मधे पडणार नाही.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, गाडी शिकवणारा. माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याचं ड्रायव्हिंग स्कूल. अर्धी गोष्ट मला त्याने सांगितली, अर्धी त्याच्या बायकोने. दोन्ही जोडून सांगतोय, पदरचं काही नाही.

एका सकाळी मास्तर ट्रॅव्हल एजंटकडे गेला. काम साधंच होतं, बोटीवरच्या तीन रात्रींचं बुकिंग करायचं. आयुष्यभर दुसऱ्याला क्लच दाब, ब्रेक सोड म्हणत बसलेला माणूस, त्याला एकदा कुणीतरी आपल्याला फिरवावं असं वाटत होतं. जाहिरातीच्या कागदावर पलंग असा होता की पैलवान आडवा झोपला तरी जागा उरेल.

"हाच मिळणार ना?" मास्तरने विचारलं.

"हाच," एजंट म्हणाला. "दोन पलंग जोडून केलेला असतो. सांगितलं की सुटे करून देतात."

"आणि हा कोच?"

"तो वरच्या दर्जात."

"खिडकी?"

"आतली केबिन आहे हो. आतल्या केबिनला खिडकी कुठून आणू?"

मास्तरने जरा विचार केला. "समजा, मी एकटाच गेलो तर?"

"तरी भाडं दोघांचंच. बोटवाले डोकी मोजत नाहीत, पलंग मोजतात."

बायको येणार नव्हती. तिला नदीच्या होडीतही मळमळायचं. पण घरी हे ऐकल्यावर ती म्हणाली, "अहो, मग भाऊजींना न्या ना. ताई गेल्यापासून उंबरा ओलांडला नाही त्यांनी. आणि बोटीत बसायची ताईला किती हौस होती."

भाऊजी म्हणजे मास्तरचे थोरले साडू. सगळे त्यांना दादा म्हणत. दुसऱ्या गावात शिवणकामाचं दुकान होतं त्यांचं. देहाने आडवे, स्वभावाने इतके गरीब की कुणी पायावर पाय दिला तर म्हणायचे, "माझाच पाय मधे होता." फक्त झोपले की घोरणं असं, की शेजारच्या घरातलं कुत्रं उठून बसावं. दादांची बायको दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होती, तेव्हा मास्तर एक रात्र त्यांच्या सोबतीला बाहेरच्या बाकावर होता. "बायको आत मरतेय आणि हा गडी इथे घोरतोय," असं तो पुढे चारचौघांत हसून सांगायचा. दादा त्याआधी तीन रात्री जागे होते, हे सांगायचा नाही.

तर बायकोपुढे मास्तरला नाही म्हणता येईना. दादांनी त्यांच्या वाटणीचं भाडं लगेच पाठवून दिलं. बुकिंग झालं, दोघांच्या नावाने एक केबिन. आणि मास्तरच्या डोक्यात किडा शिरला. त्याला दादांचं नाव आणि अर्धं भाडं हवं होतं. दादा नको होते.

बोट सुटणार होती संध्याकाळी सहाला. दादा आपल्या गावाहून बसने परस्पर बंदरावर येणार होते. मास्तरने त्यांना फोन केला.

"दादा, बोट रात्री नऊला सुटते. साडेसातपर्यंत आलात तरी चालेल. उगाच उन्हात धावपळ नको."

"बरं झालं सांगितलंत, मास्तर. आणि ऐका... मी घोरतो. तुम्हाला त्रास होईल. माझा पलंग जरा लांब, दाराकडे करून घ्या."

"घेतो की," मास्तर म्हणाला. आणि फोन ठेवून, तोच मला म्हणाला, अगदी शीळ घालत आंघोळीला गेला.

मार्च महिन्यातला दुसरा शनिवार होता तो. समुद्र गच्चीसारखा सपाट. मास्तर दुपारीच बोटीवर चढला आणि त्याने मोबाइल बंद केला. केबिन सांभाळणारा माणूस पिकल्या मिशांचा, पन्नाशीचा होता. त्याला मास्तरने सांगितलं, "दोन्ही पलंग जोडून टाका."

"दुसरे साहेब?"

"त्यांचं रद्द झालं."

त्या माणसाने पलंग जोडले, वर एकच मोठी चादर ताणली. मास्तरने हातपाय पसरून बघितले, भिंतीपासून दारापर्यंत सगळं त्याचं. मग तो वर गेला. पोटभर जेवला, गाणी ऐकली, कठड्याला टेकून वारा खाल्ला. किनाऱ्यावरचे दिवे मागे बारीक होत गेलेले त्याने पाहिले. दादा एव्हाना पोचले असतील, असंही त्याच्या मनात आलं. मनात आलं आणि त्याला हसू आलं. "त्यांचा तो चेहरा डोळ्यांपुढे आला," म्हणाला.

साडेदहाच्या सुमाराला तो केबिनमध्ये परतला. पलंग सुटे केलेले होते.

दोन पलंग, मधे हातभर वाट. एक भिंतीशी, एक दाराकडे. दोन्हींवर वेगळ्या चादरी, आणि दाराकडच्या पलंगावरची चादर एका कोपऱ्यातून उलटून ठेवलेली, आता कुणी झोपणार असल्यासारखी.

मास्तरने त्या माणसाला बोलावून घेतलं. "मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"हो साहेब. पण मोठे साहेब आले ना नंतर. ते म्हणाले, सुटे करा."

"कोण मोठे साहेब?"

"जाड आहेत ते. म्हणाले, मास्तरांना मोकळं झोपू दे, माझा पलंग दाराकडे घे." तो माणूस जरा घुटमळला. "फार सभ्य आहेत. मी पलंग ओढताना माझाच कोपर त्यांना लागला, तर तेच माफ करा म्हणाले."

"कुठे आहेत ते?"

"आतच होते. बाथरूममध्ये."

बाथरूममध्ये दिवा लागलेला होता. माणूस नव्हता.

आता मास्तरला भीती वाटली, पण ती भुताची नव्हे. त्याला वाटलं, म्हातारा चढला की काय कसाबसा? आता तोंड कसं दाखवायचं? तो तसाच खाली चौकशीच्या टेबलाशी गेला. तिथल्या बाईंनी बघून सांगितलं, "नाही, तुमचे सोबती चढलेलेच नाहीत. बंदरावरून त्यांची नोंद नाही."

मास्तरचा जीव भांड्यात पडला. लगेच रागही आला. केबिनवाल्याने दुसऱ्या कुणाच्या तरी खोलीचा निरोप आपल्याकडे आणला, असं त्याने ठरवून टाकलं. वर आला, कडी लावली, खांदा लावून दोन्ही पलंग स्वतःच जोडले. मधोमध आडवा झाला. दिवा घालवला.

आतली केबिन. खिडकी नाही. दिवा गेला की डोळे उघडे काय, मिटलेले काय, सारखंच. खालून कुठून तरी इंजिनाची घरघर. त्या घरघरीत त्याला झोप लागली.

जाग आली तेव्हा किती वाजले होते, कळायला मार्ग नव्हता.

घरघर चालूच होती. पण ती खालून येत नव्हती.

शेजारून येत होती.

मास्तर हलला नाही. ते घोरणं त्याने ओळखलं. बाकावरची ती रात्र. तोच सूर, तीच शेवटची शिट्टी. ते वर चढत गेलं... चढत गेलं... आणि थांबलं.

मग काहीच नाही.

पलंगाची दाराकडची बाजू दबली. माणूस कुशीवर वळला की दबते तशी. खारट वास आला. चादर गार झाली, मग ओली.

"मास्तर..."

"जागे आहात का?"

मास्तरने झोपल्याचं सोंग केलं.

"नऊ म्हणाला होतात ना?"

आता बघा, माणूस कसा असतो. अंधारात, शेजारी कोण आहे ते कळलेलं. एक शब्द खरा बोलला असता तर? चुकलो म्हणाला असता तर? पण मास्तर म्हणाला,

"सहा म्हणालो होतो, दादा."

पाणी ठिबकत होतं. टप्... टप्...

"असेल," आवाज म्हणाला. "माझीच समजण्यात चूक झाली असेल."

रागाने नव्हे. नेहमीसारखंच.

"मास्तर, एक विचारू?"

...

"उशी भिजेल हो माझ्याने. दुसऱ्याची वस्तू. तुमच्या हातावर टेकतो जरा."

आणि डोकं टेकलं. उजव्या हातावर, कोपराच्या थोडं खाली. जड. गार. केसांतून पाणी. मास्तरला हात ओढता येईना. ओरडायला गेला, तोंडातून वारासुद्धा निघेना.

घोरणं पुन्हा सुरू झालं.

रात्रभर.

सकाळी केबिनवाल्याने दार वाजवलं तेव्हा कुठे हात मोकळा झाला. त्याने मास्तरचा चेहरा पाहिला, ओली चादर पाहिली, आणि काही न विचारता चादर बदलून निघून गेला. त्याला वाटलं असेल, साहेबांनी अंथरूण ओलं केलं. मास्तरने त्याला तसंच वाटू दिलं.

केबिन बदलून मागितली, तर बोट भरलेली. "तुमची तर दोघांची आहे आणि तुम्ही एकटेच," खालच्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला काय कमी पडतंय?" दुसऱ्या रात्री तो वर डेकवर आरामखुर्चीत जाऊन पडला. पहाऱ्यावरच्या माणसाने उठवून खाली पाठवलं, रात्री वर झोपायची परवानगी नाही म्हणून. मग तो केबिनमध्ये दिवा लावून पलंगावर ताठ बसून राहिला. कधीतरी दिवा गेला. तिसऱ्या रात्रीचं त्याने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मोबाइल त्याने सुरू केला तो बंदराला लागल्यावर. घरी पोचला तर बायको दारातच उभी. डोळे कोरडे.

"भाऊजी गेले," ती म्हणाली. "शनिवारी रात्री. काल माती झाली. तुमचा फोन लागत नव्हता."

मास्तरने बॅग खाली ठेवली. तिने त्याला पाणी दिलं नाही.

"साडेसातला पोचले ते बंदरावर. फाटक बंद होतं. बोट लांब गेलेली, पण दिवे दिसत होते. धक्क्याच्या पार टोकापर्यंत गेले बघायला. तिथे शेवाळ होतं, पाय घसरला. रखवालदाराने बॅटरी घेऊन शोधलं, पण ओहोटीने आत ओढून नेलं होतं. पहाटे सापडले. तुम्ही त्यांना किती वाजता सांगितलं होतं?"

"सहा," मास्तर म्हणाला. "म्हाताऱ्याचं लक्ष कुठे असतं अलीकडे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "धक्क्यावरून मला फोन केला होता त्यांनी. म्हणाले, मास्तर नऊ म्हणाले होते, पण माझीच समजण्यात चूक झाली असेल. त्यांना रागावू नकोस. एकटे पडले असतील बिचारे, तिथे सोबत कोण त्यांना?"

मास्तर खाली वाकून बॅगेचा बंद सोडू लागला.

"म्हणून मी रागावत नाही," ती म्हणाली. "भाऊजींनी सांगितलंय ना."

आणि खरंच रागावली नाही. भांडली नाही, माहेरी गेली नाही. वेळेवर ताट वाढते, कपडे धुते. फक्त त्या दिवसापासून त्या घरात ती त्याच्याशी एक अक्षर बोललेली नाही, आणि झोपते स्वयंपाकघरात, आतून कडी लावून. पहिल्या आठवड्यात मास्तरने एका रात्री ते दार ठोठावलं. मला एकट्याला झोपवत नाही, आत घे, म्हणून रडला, पन्नाशीचा माणूस. आतून दिवा घालवल्याचा आवाज आला. बस.

ड्रायव्हिंग स्कूल अजून आहे, पण शिकवायला त्याने दुसरा माणूस ठेवलाय. उजव्या हाताने त्याला गाडी चालवता येत नाही. ऐन उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटण. मी एकदा थट्टेने म्हटलं, "काय मास्तर, थंडी वाजते का?" तर त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, समोरच्या स्टुलावर बसला आणि बाही वर केली.

उशीच्या दुमडीवर गाल ठेवून झोपलं की सकाळी गालावर वळ उठतो ना? घटकाभराने जातो. तसा वळ होता. कोपराच्या थोडं खाली. लालसर, खोल. आधी मला कळेना कशाचा आहे तो. मग त्याची गोल कड दिसली, आतली घडी दिसली, खालची मऊ पाळी दिसली.

कान होता तो. माणसाचा कान, हातात रुतलेला.

"दोन वर्षं झाली," मास्तर म्हणाला.

मी बोट लावून पाहिलं. वळ ताजा होता. आणि ओला.