आट्यांतलं तांबं

सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी कणत्वरकाच्या, म्हणजे सूक्ष्म कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या, बोगद्यात भोंगा वाजला. देखभालीसाठी अर्धवट बाहेर ओढलेलं दोन टनी चुंबक जागेवर सरकवताना निर्वात नळीला अडकलं होतं. नळीचा भात्यासारखा लवचीक जोड फाटून हवा आत शिरली होती.

बारापर्यंत गुन्हेगारही ठरला. विभागप्रमुख साहेबांनी फिटर मामांविरुद्ध पत्र टाइप करून घेतलं : निष्काळजीपणा, बोगद्यात कायमची बंदी. एकतीस वर्षांची नोकरी चार ओळींत गुंडाळली होती. सही तेवढी पाचला व्हायची होती.

तीनला चौकशी अधिकारी बाई आल्या. साहेबांनी पत्र त्यांच्यापुढे सरकवलं.

"तुमचं काम हलकं करून ठेवलंय, मॅडम."

"दिसतंय. हाताला काय झालं?"

साहेबांच्या उजव्या हाताच्या सांध्यांवर चिकटपट्ट्या होत्या. "गाडीचं दार लागलं. किरकोळ आहे."

"चुंबक आणि नळीत जागा किती?"

"पंचवीस मिलिमीटर. अपघातानंतर मी स्वतः मोजली. जागा ऐसपैस आहे, म्हणजे ढकलणारा वाकडा. हे लोक पान्यापलीकडे डोकं चालवत नाहीत हो. त्यात वय झालेलं."

"भोंगा वाजल्यावर?"

"सगळ्यांना बाहेर पिटाळलं. मी थांबलो वीसेक मिनिटं. जबाबदारी असते ना."

बाईंनी 'जबाबदारी' हा शब्द वहीत लिहिला आणि खाली रेघ मारली.

कार्यशाळेत मामा स्टुलावर बसले होते. मांडीवर गुळगुळीत झालेली लाकडी पट्टी.

"ही कशाला, मामा?"

"वीस मिलिमीटर जाड आहे. चुंबक सरकवण्याआधी फटीतून फिरवायची. अडली की काम बंद. काल संध्याकाळी फिरवली, कुठे म्हणून अडली नाही."

"आज सकाळी?"

"आज कशाला? नळी काय रात्रीतून बाळसं धरते? मध्ये कुणी काम केलं, तर पुन्हा फिरवायची, हा नियम. पण कुणी केल्याचं मला कळवलं नाही."

"जोडाचे बोल्ट कसे बसवता?"

"डोकं चुंबकाकडे, नट मोकळ्या बाजूला. डोकं बुटकं, आट्यांची शेपूट लांब. त्यासाठी अख्खा बोल्ट तिरका करून फटीतून घालावा लागतो, वेळ खातो; उलट घातला की फटीत नुसता नट लावायचा. पण शेपूट फटीत काढली तर चुंबक अडणारच."

बाईंनी गळती तपासणीची वही मागवली. आजची नोंद होती : सकाळी आठ, त्याच जोडाचं सील बदललं, गळती बंद. खाली साहेबांची ऐटदार सही.

मग त्या बोगद्यात शिरल्या. चुंबकाच्या कडेच्या तांब्याच्या वेटोळ्यावर बारीक खुणा होत्या, फणीच्या दातांसारख्या, एकसारख्या अंतरावर. बोल्टांची डोकी मात्र चुंबकाकडेच होती, शिस्तीत. बाई वळसा घालून मोकळ्या बाजूला गेल्या. तिथे चुंबक कधी येतच नाही. त्यांनी एकेका बोल्टाच्या शेपटीवर टॉर्च धरला. तिसऱ्यापाशी थांबल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदाच हसल्या.

पावणेपाचला साहेबांच्या खोलीत मामाही उभे होते. साहेबांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं.

"घाई नको," बाई म्हणाल्या. "सकाळी आठला सील तुम्ही बदललंत?"

"हो. फिटर लोक अर्धा दिवस लावतात. मी अर्ध्या तासात उरकलं."

"कसं उरकलंत ते सांगते. फटीतून अख्खे बोल्ट घालायचा कंटाळा, म्हणून बोल्ट मोकळ्या बाजूने घातलेत. शेपट्या चुंबकाकडे आल्या. पुन्हा पट्टी फिरवा म्हणून सांगितलं असतं, तर तुमचा अर्धा तास फुकट गेला असता. म्हणून गप्प बसलात. दहाला चुंबक शेपटीवर आदळलं आणि नळी ओढली गेली."

"कल्पना छान आहे. बोल्ट तर सरळ आहेत!"

"आता आहेत. सगळ्यांना बाहेर पिटाळून वीस मिनिटांत तुम्ही ते उलटवलेत. मगच जागा मोजलीत. पण चुंबकावर आट्यांचा ठसा राहिला. बोल्टाच्या डोक्याला आटे नसतात, साहेब. आणि तिसऱ्या बोल्टाचे आटे चेपलेत, त्यांत चुंबकाचं तांबं अडकलंय. ती शेपूट आज मोकळ्या बाजूला आहे. तांबं तिथे चालत गेलं का?"

साहेबांनी उजवा हात टेबलाखाली घेतला.

"चेपलेल्या आट्यांवरून नट सहज निघत नाही," बाई म्हणाल्या. "जोर लावावा लागतो. मग पाना निसटतो. ते गाडीचं दार बोगद्यात होतं."

"एवढ्या वर्षांचं माझं नाव..." साहेब पुटपुटले.

"यांचंही होतं. चार ओळींत उरकलंत." बाईंनी पत्राचे दोन तुकडे करून त्यांच्यापुढे ठेवले. "अहवालात तुमच्यासाठी मी जास्त ओळी खर्च करीन."

मामा दारापर्यंत गेले, पट्टी काखेत मारून वळले.

"साहेब, नवीन लागला होतात तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पाना आपल्याकडे ओढायचा. ढकलला की निसटतो आणि हात सोलतो." त्यांनी चिकटपट्ट्यांच्या दिशेने मान हलवली. "तेवढंही आलं नाही तुम्हाला."