पावण्याचे अधिकार

प्राचीच्या ई-मेल पेटीत ८,४१२ संदेश होते. पावण्याने घेतलेल्या प्रतीत ८,४१३ भरले.

एखादा कमी पडला असता तर तिला नवल वाटलं नसतं. प्रत घेताना काही सुटू शकतं. जास्तीचं कुठून येणार? ती पदार्थविज्ञानाची एम.एस्सी. मोजमापातली चूक कधी इकडे, कधी तिकडे हेलकावते, हे तिला ठाऊक होतं. ही चूक सलग चार दिवस बरोबर एकाची आणि एकाच बाजूला होती.

‘पावणं’, म्हणजे पाहुणे, हे बॅकअपच्या खात्याचं नाव. शिरोलीच्या त्या फौंड्रीत वीज आणि कॉम्प्युटर दोन्ही बघणाऱ्या कृष्णातने ते ठेवलं होतं. रोज दुपारी एक वाजून सात मिनिटांनी, सगळ्यांचे डबे उघडायच्या वेळेला, ते खातं सर्व्हरवर यायचं, प्रत्येकाची मेल वाचून तिची प्रत घ्यायचं आणि निघून जायचं. वाचण्यापलीकडे त्याला काही करता यायचं नाही. “पावण्याला बाहेरच्या सोप्यात बसवायचं, ताई,” कृष्णात म्हणायचा. “माजघराची किल्ली न्हाय द्यायची.”

गेल्या गुरुवारी क्रेनचा दोर तुटला. खाली कृष्णात होता. तो जागीच गेला.

‘दोर बदला’ अशी मेल त्याने मॅनेजर विश्वजितरावांना तीनदा केली होती. तिसऱ्या वेळी प्राचीलाही पाठवली होती. तिने ती डबा खाता खाता वाचली, आणि आपलं काम नव्हे म्हणून बंद केली. नऊ दिवसांनी दोर तुटला.

सोमवारी विश्वजितराव तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले; कृष्णातचं कॉम्प्युटरचं काम आता तिच्याकडे होतं.

“मॅडम, पावण्याला ॲडमिन करा.”

“त्याला फक्त वाचायचे अधिकार लागतात, सर.”

“बॅकअप फेल व्हतोय.”

“होत नाही. रिपोर्ट दाखवू?”

“रिपोर्ट घाला चुलीत! मी म्हणतोय तर व्हतोय की. आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून द्या. परवा फॅक्टरी इन्स्पेक्टरबाई येणार हायत. कृष्णात न विचारता क्रेनखाली गेला, त्याचीच चूक, एवढंच कागदावर यायला पायजे.”

तिला कळायला दोन सेकंद लागले. ॲडमिन खातं कुणाचीही पेटी उघडू शकतं, काहीही पुसू शकतं. नोंदीत माणसाचं नाव उरत नाही, उरतं फक्त ‘पावणं’. कृष्णातची मेल कृष्णातच्याच पावण्याकडून पुसून घ्यायची होती. तिची कानशिलं तापली. समोरचा चहाचा कप त्यांच्या पांढऱ्या शर्टावर फेकावासा वाटला. पण तिने पडद्यावरच्या चौकटीत खूण केली, सेव्ह केलं, चिठ्ठी लिहिली. हुकूम त्यांचा होता, बोट तिचं. त्या बोटाचा तिला जास्त राग आला.

मंगळवारी सकाळी तिन्ही मेल सगळ्यांच्या पेट्यांतून गेल्या होत्या.

एक वाजून सात मिनिटांनी त्या परत आल्या. जुन्याच तारखांनी, जुन्याच जागी.

“कुणी घातल्या?” विश्वजितराव गरजले.

“पावण्याने. तुम्हीच त्याला किल्ली द्यायला लावलीत.”

“चेष्टा करताय व्हय माझी?” तिच्याच खुर्चीत बसून त्यांनी त्या पुन्हा पुसल्या. ती मागे उभी राहून बघत होती. पासवर्डही बदलला.

बुधवारी, एक वाजून सात मिनिटांनी, त्या परत होत्या.

आणि प्रतीतला आकडा आता पेटीशी जुळत होता. पेटीतच ८,४१३ झाले होते.

जास्तीचा संदेश तिला ड्राफ्टमध्ये सापडला. इन्स्पेक्टरबाईंच्या नावे अर्धवट मेल. तिने असं काही लिहिलं नव्हतं. पण प्रत्येक दोन शब्दांमध्ये दोन-दोन स्पेस होत्या. साऱ्या कारखान्यात तशी सवय तिची एकटीची. कृष्णात त्यावरून तिला हसायचा.

मी  कृष्णातची  ई-मेल  वाचली  होती  आणि

तिने मागच्या प्रती उघडल्या. शुक्रवारच्या प्रतीत नुसतं ‘मी’. शनिवारच्या प्रतीत ‘मी  कृष्णातची’. रविवारी कारखान्याला कुलूप होतं आणि ती पेठ वडगावला आईकडे होती. त्या दिवशीही एक शब्द वाढला होता.

रोज एक.

उद्याचा शब्द कोणता, हे तिला शोधावं लागलं नाही.

दोन वाजता तिला विश्वजितरावांच्या केबिनमध्ये बोलावलं. इन्स्पेक्टर संयोगिताबाई चष्मा पुसत होत्या. प्राचीने लॅपटॉप समोर ठेवून उघडला.

“ह्या मॅडम नुसतं कॉम्प्युटर बघत्यात,” विश्वजितराव हसून म्हणाले. “यांना काय म्हाईत न्हाय.” मग तिच्या कानाशी वाकले. “पावण्याचं ॲडमिन काढा आधी. आत्ताच्या आत्ता.”

ड्राफ्ट उघडाच होता.

‘आणि’च्या पुढे एक स्पेस पडली. मग दुसरी.

प्राचीचे दोन्ही हात मांडीवर होते.

पडद्यावर ‘ग’ उमटला.

“काढणार नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज बाहेरच्या यंत्रांच्याही वर गेला. “बाई, लिहून घ्या. मी कृष्णातची मेल वाचली होती. आणि गप्प बसले.”